न झालेल्या सामन्याचा निकाल

खेळाला जात नसते, असे आपल्याकडे मोठ्या तोंडाने सांगितले जाते. मैदानात जो चांगला खेळेल तो पुढे जाईल, तिथे कुणी कुणाचे आडनाव विचारत नाही, असा हा युक्तिवाद असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात, महाविद्यालयाच्या पारितोषिक वितरणात, वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर तो इतक्या वेळा ऐकवला जातो की आपल्यातलीही शिकलेली माणसे त्याला मान डोलावू लागतात. हा युक्तिवाद खरा की खोटा हे पाहायचे तर मोठ्या नावाच्या स्पर्धा फारशा उपयोगी पडत नाहीत. तो तपासावा लागतो लहान गावांच्या आणि लहान पैशांच्या खेळात, जिथे खेळवणारे, खेळणारे आणि पाहणारे एकमेकांना तोंडओळखीने ओळखतात. अशा एका लहानशा लीगची हकीकत येथे सांगायची आहे. ही लीग अमेरिकेच्या दक्षिणेतली, बेसबॉलची. तिचे नाव कॉटन स्टेट्स लीग, म्हणजे कापूस पिकवणाऱ्या राज्यांची लीग.

अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा नावासाठी त्यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहिले. तरीही या नात्यातून आपल्यापर्यंत पोचले ते मुख्यतः पुढारी, मोर्चे आणि घोषणा. रोजच्या जगण्यातल्या साध्या संस्था काळ्या माणसाला बाहेर कशा ठेवत होत्या, याचा तपशील आपण फारसा पाहिलेला नाही. आणि आपल्या कामाचे शिक्षण त्या तपशिलातच आहे.

बेसबॉल हा आपल्या वाचकांच्या परिचयाचा खेळ नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि सामन्याचा बराचसा भार त्याच्यावर असतो. अमेरिकेत या खेळाच्या दोन मोठ्या लीग. त्यांच्या खाली लहान लीगांची उतरंड. त्या काळी तिच्या पायऱ्यांना इंग्रजी अक्षरे दिलेली असत. वर तीन ए, मग दोन ए, मग एक ए, त्याखाली बी, सी आणि डी. खालच्या पायरीवरचा खेळाडू गुणांच्या बळावर वर चढू शकतो, हे या व्यवस्थेचे तत्त्व. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. तिथे पायऱ्या असतात, पण चढता येत नाही. बेसबॉलची उतरंड गोऱ्या पोरासाठी खरोखर शिडी होती. काळ्या पोराला मात्र तिच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवू दिला जात नव्हता.

हे कसे घडले ते थोडक्यात पाहू. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा खेळाडू टोलिडोच्या संघातून त्या वेळच्या मोठ्या लीगमध्ये खेळला होता. म्हणजे दार आधी उघडे होते. ते नंतर लावले गेले. १४ जुलै १८८७ या दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत असे ठरवले. त्याच दिवशी शिकागोच्या संघाचा कर्णधार कॅप अॅन्सन याने नेवार्कच्या संघात जॉर्ज स्टोव्ही हा काळा पिचर असेल तर आपण खेळणार नाही अशी अट घातली, आणि स्टोव्हीला बसवण्यात आले. पुढे हीच रीत सगळ्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये पाळली गेली. मोठ्या लीगांच्या नियमपुस्तकात ती कधीही लिहिली गेली नाही. तिला 'सभ्य गृहस्थांचा करार' असे म्हणत. सभ्य हा शब्द वाचकांनी नीट पाहावा. १९४६ साली जॅकी रॉबिन्सन माँट्रियलच्या संघात आला आणि १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनकडून मोठ्या लीगमध्ये उतरला, तेव्हा हा करार मोडला. वर्तमानपत्रांनी बेसबॉलमधला वर्णभेद संपल्याचे जाहीर केले. पण वरच्या मजल्यावर दिवा लागला म्हणून तळघरात उजेड पडत नाही.

कॉटन स्टेट्स लीग हे असेच तळघर होते. ती १९०२ साली सुरू झाली. पैशाअभावी आणि युद्धामुळे ती अनेकदा बंद पडली आणि पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली ती परत सुरू झाली आणि अखेरच्या काळात तिची पायरी 'सी' होती. मिसिसिपीतील ग्रीनव्हिल, जॅक्सन, मेरिडियन, आर्कान्सातील पाइन ब्लफ, एल डोरॅडो, हॉट स्प्रिंग्ज, लुईझियानातील मन्रो, अशी ही गावे. एल डोरॅडोला तेल सापडले होते म्हणून तिथल्या संघाचे नाव ऑइलर्स. बाकी सारा मुलूख कापसाचा. हा कापूस आधी काळ्या गुलामांनी वेचला आणि गुलामगिरी गेल्यावर त्यांच्याच नातवंडांनी अर्धेलीने जमीन कसून वेचला. लीगचे नाव ज्यांच्या घामावरून पडले, त्यांना मैदानात जागा नव्हती. तिकीट काढून बघायला मात्र होती, तीही वेगळ्या बाकांवर.

यातले हॉट स्प्रिंग्ज हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचे. लांबलांबून श्रीमंत माणसे तिथे स्नानाला येत. त्यांच्यासाठी एका ओळीत देखणी स्नानगृहे बांधलेली आहेत. म्हणून तिथल्या संघाचे नाव बेदर्स, म्हणजे न्हाणारे. या स्नानगृहांत गिऱ्हाइकांना आंघोळ घालणारे, अंग चोळणारे, टॉवेल देणारे नोकर काळे असत. पाणी त्यांच्या हातून जाई, पण त्या पाण्यात उतरण्याची त्यांना परवानगी नव्हती. काळ्यांसाठी वेगळी स्नानगृहे काळ्यांच्याच संस्थांनी उभी केली. पाण्याची ही गोष्ट आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आणखी एक योग असा की १८८६ साली शिकागोचा संघ हंगामापूर्वीच्या सरावासाठी याच गावी आला होता, आणि त्याचा कर्णधार तोच कॅप अॅन्सन होता.

१९५३ च्या वसंतात या न्हाणाऱ्यांच्या संघाने जिम आणि लिअँडर टगरसन या दोन काळ्या भावांना करारबद्ध केले. दोघेही फ्लोरिडाचे, दोघेही पिचर, निग्रो लीगमधल्या इंडियानापोलिस क्लाउन्स या संघातून आलेले. संघाच्या मालकांना कुणी समाजसुधारक समजू नये. त्यांना सामने जिंकायचे होते आणि तिकिटे विकायची होती. आदल्याच वर्षी, १९५२ साली, शेजारच्या टेक्सास लीगमध्ये डॅलसच्या संघाने डेव्ह हॉस्किन्स या काळ्या पिचरला घेतले होते. त्याने त्या हंगामात २२ सामने जिंकले आणि तो खेळेल त्या दिवशी गर्दी वाढली. व्यापाराचे साधे गणित हॉट स्प्रिंग्जच्या मालकांना कळले होते.

लीगच्या बाकीच्या मंडळींनाही हे गणित येत नव्हते असे नाही. तरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बैठक घेऊन हॉट स्प्रिंग्जला लीगमधून काढून टाकले. लीगच्या अस्तित्वासाठी हे करावे लागत आहे, असे कारण देण्यात आले. मिसिसिपीचे अॅटर्नी जनरल जे. पी. कोलमन यांनी मिश्र संघांचे सामने राज्याच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे मत दिले. हे गृहस्थ १९५६ साली त्या राज्याचे गव्हर्नर झाले. 'सार्वजनिक धोरण' या शब्दांकडे लक्ष द्यावे. कायद्याच्या कलमावर बोट ठेवता येत नसले की असे शब्द कामी येतात. आपल्याकडे 'गावाची रीत' म्हणतात, तेच हे. टगरसन बंधूंनी मात्र संघाला आपण हवे आहोत तोवर आपण येथेच राहून लढू, अशी भूमिका घेतली.

सर्व लहान लीगांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष जॉर्ज ट्रॉटमन यांच्यापुढे प्रकरण गेले. त्यांनी ही हकालपट्टी रद्द ठरवली. काळ्या खेळाडूला मनाई करणारी तरतूद बेसबॉलच्या कोणत्याही करारात नाही, कुणाला घ्यायचे हा त्या त्या संघाचा प्रश्न आहे, असा त्यांचा निर्णय होता. कागदावर टगरसन बंधू जिंकले. प्रत्यक्षात त्यांना हॉट स्प्रिंग्जहून टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल येथे, आणखी एक पायरी खालच्या माउंटन स्टेट्स लीगमध्ये पाठवण्यात आले. कागदावरचा जय आणि प्रत्यक्षातली बदली हे आपल्याही अनुभवाचे आहे.

मे महिन्यात हॉट स्प्रिंग्जला पिचर कमी पडले. जिम टगरसनला परत बोलावण्यात आले. २० मे १९५३ च्या संध्याकाळी जॅक्सनच्या संघाविरुद्ध सामना होता. दीड हजाराच्या आसपास लोक जमले होते. जिम चेंडू टाकण्यासाठी मैदानात आला. खेळ सुरू होण्यापूर्वीच लीगचे अध्यक्ष अल हॅरवे यांच्या आदेशावरून पंचांनी सामना जॅक्सनला बहाल केल्याचे जाहीर केले. बेसबॉलमध्ये असा बहाल केलेला सामना ९ विरुद्ध ० असा नोंदवतात. एकही चेंडू टाकला गेला नव्हता. कुणी बाद झाले नव्हते, कुणी धाव काढली नव्हती. तरी धावफलकाची नोंद तयार होती: नऊ विरुद्ध शून्य.

एका वर्गात ही हकीकत सांगितली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, नियम कुठे लिहिलेला होता?" मी म्हणालो, कुठेही नाही. तो म्हणाला, "मग पंचांनी कोणता नियम पाळला?" या प्रश्नाने मला माझी शाळा आठवली. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिला, पण त्याआधी मी शाळेच्या क्रिकेट संघाचा गोलंदाज होतो, निदान सरावापुरता. अख्खा पावसाळा संपल्यावर दोन महिने मी रोज गोलंदाजी केली. तालुक्याच्या सामन्यांसाठी यादी लागली तेव्हा तीत माझे नाव नव्हते. विचारले तर "पुढच्या वर्षी बघू" असे उत्तर आले. जातीचा शब्द कुणी काढला नाही. कुणी शब्द काढला असता तर मला भांडता आले असते. बापाला सांगता आले असते. पुढच्या वर्षीही यादी लागली आणि उत्तरही तेच आले. न लिहिलेल्या नियमाचे बळ यातच असते. त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

आपल्याकडचे मोठे उदाहरण पाळवणकर बाळू यांचे. पुण्याच्या मैदानावर साहेबांसाठी खेळपट्टीची निगा राखणारा हा चांभाराचा मुलगा १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती. चहाची वेळ झाली की त्याला मात्र बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. बाळूला कर्णधार करू नये असा नियमही कुठे लिहिलेला नव्हता. दोन्ही ठिकाणचा फरकही ध्यानात घेतला पाहिजे. इथे स्पर्श वर्ज्य होता, पण बळी चालत होते. तिथे अंग चोळणारे हात चालत होते, पण चेंडू वर्ज्य होता. ज्या ठिकाणी बहिष्कृत माणूस बरोबरीचा दिसू लागेल, नेमक्या त्याच ठिकाणी रेघ ओढली जाते. रेघेची जागा गावोगावी बदलते, ओढणारा हात तोच राहतो.

ट्रॉटमन यांनी २० मेचा निर्णयही फिरवला. तरी जिमला परत नॉक्सव्हिलची वाट धरावी लागली. जुलैमध्ये त्याने लीग, तिचे अध्यक्ष आणि संघांचे चालक यांच्याविरुद्ध फेडरल न्यायालयात ५०,००० डॉलर नुकसानभरपाईचा दावा लावला. आपल्या नागरी हक्कांची पायमल्ली झाली, असे त्याचे म्हणणे होते. १९५३ साली दक्षिणेत एका काळ्या मजूरवर्गीय खेळाडूने गोऱ्या कारभाऱ्यांना न्यायालयात खेचणे ही किती मोठी गोष्ट होती, हे गावच्या पाटलाविरुद्ध पहिली फिर्याद देणाऱ्याला कळेल. सप्टेंबरात न्यायाधीश जॉन मिलर यांनी दाव्याचा मुख्य भाग फेटाळला. हेच न्यायाधीश १९५६ साली लिटल रॉकच्या शाळांच्या प्रकरणात होते, आणि गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र आणण्याची शाळामंडळाची संथ योजना त्यांनी मान्य केली होती.

येथे कायद्याचा एक मुद्दा सांगितला पाहिजे. अमेरिकी घटनेची १४ वी दुरुस्ती समान संरक्षण देते, पण ते राज्यसंस्थेविरुद्ध आहे, खाजगी माणसांच्या भेदभावाविरुद्ध नाही, असा अर्थ तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ सालीच लावून ठेवला होता. लीग, क्लब, हॉटेल, स्नानगृह या साऱ्यांना त्या अर्थाने मोकळे रान मिळाले. आपल्या घटनेचे १७ वे कलम असे मोकळे रान ठेवत नाही. अस्पृश्यता पाळणारा सरकारी असो की खाजगी, तो गुन्हेगारच. १५ व्या कलमानेही दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. स्नानाचा घाट घटनेत का लिहावा लागला, याचे उत्तर हॉट स्प्रिंग्जमध्येही मिळते. न लिहिलेल्या रुढीला उत्तर द्यायचे तर आपला हक्क नावानिशी लिहून ठेवावा लागतो, हे घटना लिहिणाऱ्यांना माहीत होते.

नॉक्सव्हिलला जिम टगरसन काय करत होता? त्याने त्या एका हंगामात २९ सामने जिंकले आणि हंगामाअखेरच्या निर्णायक सामन्यांत आणखी ४. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जप करणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. पुढे डॅलसच्या संघाने त्याला विकत घेतले. पण मोठ्या लीगपर्यंत तो कधीही पोचला नाही. वय झाले होते. उमेदीची वर्षे दाराबाहेर गेली होती. नंतर फ्लोरिडातल्या विंटर हेवन येथे त्याने पोलीस खात्यात नोकरी केली. १९८३ साली तो वारला.

लीगचे काय झाले? १९५४ च्या हंगामात याच हॉट स्प्रिंग्जच्या संघातून काळे खेळाडू खेळले आणि आभाळ कोसळले नाही. त्याच वर्षी १७ मे रोजी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल आला होता. १९५५ च्या ऑगस्टमध्ये याच मिसिसिपीच्या कापसाच्या पट्ट्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला ठार मारण्यात आले. तो हंगाम संपला आणि कॉटन स्टेट्स लीग कायमची बंद झाली.

हे ऐकून विद्यार्थी खूश होतात. "पाप भोवले, सर," असे म्हणतात. पण इतिहास असा वाचू नये. १९४९ साली अमेरिकेत ५९ लहान लीग होत्या आणि त्यांचे सामने पाहायला वर्षभरात सुमारे ४ कोटी तिकिटे खपली होती. नंतरच्या काही वर्षांत घरोघर दूरदर्शन संच आले, मोठ्या लीगचे सामने घरबसल्या दिसू लागले आणि या लीग पटापट कोसळल्या. ज्या माउंटन स्टेट्स लीगने जिमला खेळू दिले, तीही १९५४ साली बंद पडली. अन्याय करणारा आपोआप बुडतो, हा समज कीर्तनात शोभतो. चळवळीला तो घातक आहे, कारण तो माणसाला वाट पाहत बसवतो. कॉटन स्टेट्स लीगबद्दल पुराव्यानिशी इतकेच म्हणता येते: गल्ला घटत असताना, गर्दी खेचील असा पिचर दारात उभा असताना, तिने गल्ल्यापेक्षा वर्णाची निवड केली. वर्णश्रेष्ठत्व हे नेहमी पैशाच्याच मागे चालते असे मानणाऱ्या आपल्या डाव्या मित्रांनी या निवडीचा विचार करावा. कधी कधी माणसे तोटा सोसूनही वरचढपणा राखतात.

मग टगरसन बंधूंनी काय मिळवले? त्यांच्यामुळे लीग सुधारली नाही, खटला जिंकला गेला नाही. पण १८८७ पासून जो नियम न बोलता पाळला जात होता, त्याला त्यांनी बोलायला लावले. लीगला बैठक घ्यावी लागली, अॅटर्नी जनरलला मत द्यावे लागले, पंचाला दीड हजार माणसांसमोर उभे राहून निर्णय सांगावा लागला, न्यायाधीशाला तो कागदावर लिहावा लागला. यासाठी जिमला एवढेच करावे लागले की आपल्या हक्काच्या जागी जाऊन उभे राहायचे आणि कुणी काढेपर्यंत हलायचे नाही. रुढी एकदा बोलली की तिची साक्ष होते, आणि साक्षीवर लढता येते.

मला माझ्या शाळेतली ती यादी आठवते. ती कुणी आणि का केली हे मी तेव्हा मोठ्याने विचारायला हवे होते. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते विचारावे, म्हणून ही हकीकत सांगितली. निवड समितीत, वसतिगृहाच्या भोजनगृहात, नेमणुकीच्या मुलाखतीत जिथे जिथे "पुढच्या वर्षी बघू" असे उत्तर मिळेल, तिथे त्यांनी उभे राहावे आणि नियम कुठे लिहिला आहे, ते दाखवायला सांगावे. दाखवता आला नाही, तरी निकाल नऊ विरुद्ध शून्य असाच लागण्याची शक्यता आहे. पण तो निकाल सर्वांसमोर जाहीर करावा लागेल, आणि एकही चेंडू न टाकता तो लागला आहे हेही त्याच्याबरोबर नोंदले जाईल.